एकाच घरात रक्त कमी आणि मुतखडा : शेवग्याचा पाला कसा शिजवावा?

आईचं हिमोग्लोबिन गेल्या महिन्यात ९.४ आलं. गोळ्या चालू आहेत. बाबांचा दोन वर्षांपूर्वी पडलेला खडा तपासल्यावर कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला, तेव्हापासून ऑक्झलेट (पालेभाज्यांत असणारा, कॅल्शियमला धरून खडा बनवणारा पदार्थ) जास्त म्हणून पालक आणि अळू घरात येत नाही. परसात शेवगा मात्र हात पुरेल तिथवर पाल्याने भरलाय. आमच्याकडे अष्टमीला आंबोळ्यांबरोबर ही भाजी होतेच, आता ती आठवड्यातून तीनदा करावी असं माझ्या मनात आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात बघितलं. १०० ग्रॅम ताज्या पाल्यात कॅल्शियम साधारण ३१४ मिलिग्रॅम, लोह साडेचार मिलिग्रॅम आणि क जीवनसत्त्व शंभरावर. पालकात कॅल्शियम जेमतेम ८२, आणि त्यातलंही बरंचसं ऑक्झलेट अडवून धरतं.

घोडं अडतंय ते इथे. पाला उकडून पाणी टाकलं की विरघळणारं ऑक्झलेट जातं, बाबांसाठी बरं. पण त्याच हिरव्या पाण्यातून क जीवनसत्त्वही जातं, आणि भाजीतलं लोह अंगी लागायला आईला तेच हवं. बाबांच्या ताटात भाजीसोबत दही असलं तर ऑक्झलेट पोटातच कॅल्शियमला बांधलं जाऊन बाहेर पडतं. तेच दही आईचं लोह कमी शोषू देतं. काल एकाच कढईतली भाजी दोघांना वाढताना मी दह्याची वाटी हातात धरून उभी राहिले, कोणाला देऊ कळेना.

सध्या आईच्या भाजीवर वरून लिंबू पिळते आणि तिचा जेवणावरचा चहा तासभर पुढे ढकललाय. (हे सगळ्यात कठीण गेलं!)

आहारतज्ज्ञ किंवा अनुभवी मंडळींना विचारायचं आहे :

शेवग्याच्या पाल्यात विरघळणारं ऑक्झलेट इतकं असतं का, की उकडून पाणी टाकावंच लागेल? की बाबांना नुसतं दही आणि भरपूर पाणी पुरेल? मुतखडा झालेल्या कोणी हा पाला नियमित खाल्ला आहे का?

दुसरं, वाळवण्याबद्दल. माजघरात जुन्या साडीवर सावलीत वाळवला, चौथ्या दिवशी चुरचुरीत झाला, रंगही हिरवा राहिला. उन्हात कॅरोटीन जातं म्हणून सावली. पण क जीवनसत्त्व वाळवताना जातंच, मग चमचाभर पूड आमटीत घालून आईला कितपत मिळणार? चमच्यात मावते तीन-चार ग्रॅम, आणि पाकिटांवरचे आकडे असतात १०० ग्रॅमचे.

डॉक्टरांची पुढची भेट पंधरवड्याने आहे, तेव्हा त्यांनाही विचारीनच. तोवर दोघांची भाजी वेगळी करू का, एवढं तरी सांगा.