मदत हवी आहे: घरगुती मसाल्यावरून शेजाऱ्यांची तक्रार, आता नोटीस

ठसका
कोपरखैरणेत सिडकोचं रो-हाऊस आहे. बायको घरी मसाला करून विकते, बरीच वर्षं. भिंतीला लागून असलेल्या शेजाऱ्यांनी तक्रार टाकली आणि पालिकेची नोटीस आली. राहत्या घरात धंदा करायचा नाही म्हणे. गल्लीत क्लास चालतात, पार्लर चालतं, त्यांना कोणी विचारत नाही! उत्तरात काय लिहू? लवकर सांगा, सीझन चालू आहे, बेडगी वाळून पडलीय.

वाशीकर
कलम कोणतं? मुदत किती?

ठसका
एमआरटीपी लिहिलंय, तो नगररचनेचा कायदा. बाकी नेहमीचंच.

वाशीकर
नेहमीचं म्हणजे? 54 असेल तर चालू काम थांबवा, 53 असेल तर झालेलं काढा किंवा वापर बंद करा. नाव झाकून फोटो टाका.

आगरी_पोर
दादा, गरजेपोटीचं घर म्हणून नियमित करून घ्या. गावठाणाच्या जवळ आहात का?

वाशीकर
अहो, ते नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या प्रकल्पग्रस्तांनी गरज म्हणून बांधलेल्या घरांसाठी. यांचं सेक्टरमधलं घर आहे.

आगरी_पोर
आणि सेक्टर कुणाच्या शेतात उभे राहिले?

नेरूळची_काकू
तो वाद दुसऱ्या धाग्यावर घाला. मी घरी ब्लाउज शिवते, आमच्या सोसायटीनेही मला छळलंय. 2020 च्या एकत्रित नियमावलीत (यूडीसीपीआर) घरगुती व्यवसायाला मुभा आहे. पण काम घरच्यांनीच करायचं, पगारी माणूस नको, बाहेर पाटी नको, घरात बनतं तेवढंच विकायचं, मोटर असेल तर 1 एचपीपर्यंत. तुम्ही मसाला कुटता कुठे?

ठसका
घरीच.

नेरूळची_काकू
कशात?

ठसका
मिरची कुटायचं मशीन, डंक आहे. 3 एचपी. घरात खोकून जीव जातो म्हणून मागे पत्र्याची शेड टाकून तिथे बसवलाय. एक मावशी येतात हाताखाली. पण तक्रार मसाल्याची आहे, शेडची नाही!

नेरूळची_काकू
झालं. पाहणीला येणारा माणूस काय डोळे मिटून शेडमध्ये जाणार आहे?

खवय्या_ऐरोली
किलोचा भाव काय? त्रिफळ घालता का?

घोडबंदर_रोड
सरळ स्टे आणा. माझ्या मेव्हण्याने ठाणे कोर्टातून आणला होता.

वाशीकर
मेव्हण्याची केस काय होती कोण जाणे. एमआरटीपीच्या नोटिशीवर दिवाणी दावा टाकलात की समोरचा वकील पहिलं कलम 149 काढतो, म्हणजे दिवाणी कोर्टाला अधिकारच नाही.

घोडबंदर_रोड
मिळाला होता, एवढं सांगतो.

खवय्या_ऐरोली
व्यवसाय आहे तर फूड लायसन्स आहे ना? लहान धंद्याला नुसती नोंदणी पुरते.

ठसका
ते आहे हो, ते कोणी विचारलंच नाही. नोटीस 53(1) ची आहे, शुक्रवारपर्यंत मुदत.

वाशीकर
हे आधी सांगायचं! मुदतीच्या आत 53(3) खाली बांधकाम ठेवण्याचा अर्ज करता येतो, त्याचा निर्णय होईपर्यंत नुसत्या नोटिशीवर पाडत नाहीत. नकाशा आर्किटेक्टकडून लागेल. जमीन लीजवर आहे, तेव्हा सिडकोच्या ना-हरकतीचंही विचारा. मागची जागा मार्जिनमध्ये, म्हणजे घराभोवती मोकळी सोडायच्या जागेत असेल तर माझं मत: शेडसाठी भांडू नका, डंक हलवा, कुटायला बाहेर द्या आणि निवडणं-भाजणं घरचं काम म्हणून लिहा. पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

नेरूळची_काकू
बाहेर कुटलं तर "घरात बनलेलं" कसं म्हणायचं? त्यापेक्षा 1 एचपीचा छोटा घ्या.

ठसका
1 एचपीवर वर्षाची मिरची कधी कुटून होणार? आर्किटेक्ट माहीत असेल तर नंबर व्यनि करा. आजच हवाय.