केमो चालू असताना बाबांना कमी ऐकू यायला लागलंय, कोणाला अनुभव?

कळवेकर_ताई:
बाबा ६१ वर्षांचे, जिभेच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, आता रेडिएशन चालू आहे आणि सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन ही केमो, चार झालेत. टीव्हीचा आवाज इतका वाढवतात की मी दोनदा ओरडले त्यांच्यावर, आता फार वाईट वाटतंय. परवा काखेत थर्मामीटर लावला, तो वाजलेला मला किचनमध्ये ऐकू आला आणि बाबा धरूनच बसले, म्हणाले अजून वाजला कुठे. कानात रातकिडे ओरडतात म्हणतात. डॉक्टरांना सांगू देत नाहीयेत, केमो बंद करतील म्हणून घाबरलेत. पाचवा सोमवारी आहे. काय करू?

ऐरोली_७:
ताई, सोमवारची वाट बघू नका, आधीच फोन करून सांगा. आमच्या हिला २०१९ ला गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी हेच औषध होतं, आम्ही अशक्तपणा समजून गप्प बसलो. आता कानाचं मशीन लावते. माणूस बोलतोय हे तिला कळतं पण काय बोलतोय ते नाही, भाजीवाला साठ म्हणाला की हिला आठ ऐकू येतं. बाजारात खूप ओशाळते हो.

ऑडिओलॉजिस्ट_नेरूळ:
थर्मामीटरचं तुम्ही बरोबर पकडलंत. सिस्प्लॅटिनने आतल्या कानातल्या केसांसारख्या बारीक पेशी मरतात, आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात म्हणजे बीप, स, श, आणि साधारण दोन्ही कानांचे. गेलेलं बहुतेक परत येत नाही आणि एकूण डोस वाढत जातो तसा धोकाही वाढतो, म्हणून पाचव्याआधी ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी करून घ्या, ८००० हर्ट्झपर्यंतची, त्याच्या वरची होत असेल तर तीही. कान ईएनटीकडून तपासून घ्या, कारण रेडिएशनने पडद्यामागे पाणी साचतं किंवा मळ असतो, त्यावर उपाय आहे. लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) किंवा अमिकासिन, जेंटामायसिन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं झाली असतील तर तेही सांगा, कानावर भार वाढतो.

सांगितलं म्हणजे केमो बंदच असं नाही. डोस बदलायचा, त्याऐवजी कार्बोप्लॅटिन हे दुसरं केमोचं औषध द्यायचं की आहे तेच चालू ठेवायचं हे कॅन्सरचे डॉक्टर रिपोर्ट बघून ठरवतात. मात्र स्वतःहून एकही केमो चुकवू नका.

खारघर_आई:
आमचा मुलगा ४ वर्षांचा होता, लहान मुलांना हा त्रास जास्त होतो. कान वाचवायला सोडियम थायोसल्फेट म्हणून औषध आहे, अमेरिकेत २०२२ ला मंजूर झालं पण ते मुलांसाठी आणि न पसरलेल्या गाठींसाठी, त्यामुळे बाबांना चालेल असं समजू नका. मशीनची वेळ आली तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग नावाची ऐकण्या-बोलण्याच्या त्रासासाठीची सरकारी संस्था आहे, कळव्याहून दादरला गाडी बदलून जाता येतं, तिथे तपासणीही होते. आणि घरात पाठमोरं बोलू नका, समोर बसून, मिक्सर बंद करून बोला, ओरडून काही उपयोग होत नाही.

कळवेकर_ताई:
सगळ्यांचे खूप आभार. फोन केला, सोमवारी केमोच्या आधी ऑडिओमेट्री करू म्हणाले, बंद वगैरे कोणी काही बोललं नाही. दादा, तुमचं साठ आणि आठ बाबांना वाचून दाखवलं, समोर बसून. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले रविवारी फोनवर नात काय बोलते तेही कळत नाही, मी नुसता हो हो करतो.