जुलमी राजवटींची नाणी जमवावीत का?

खणखणीत:
"ज्याच्याकडे नाझी नाणी आहेत त्याच्या डोक्यातच काहीतरी घोळ आहे" असं एका ओळखीच्या संग्राहकाने तोंडावर सुनावलं, म्हणून हा धागा. माझ्याकडे १९३८ चं ५ राइशमार्क (तेव्हाचं जर्मन चलन) आहे, एका बाजूला हिटलरच्या आधीचा राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग, दुसऱ्या बाजूला गरुड आणि त्याच्या पायात स्वस्तिक. जेमतेम १४ ग्रॅमचं, ९०० ची (म्हणजे ९० टक्के) चांदी. मी ते घेतलं म्हणून १९४५ ला संपलेल्या राजवटीला दमडीही मिळत नाही. आणि पापभीरू राज्यांचीच नाणी ठेवायची म्हटलं तर अल्बममध्ये उरणार काय? अथेन्सचं घुबडवालं नाणं सगळे जीव टाकून शोधतात, त्याची चांदी अथेन्सजवळच्या लॉरिअनच्या खाणीत गुलामांनी उपसलेली. आजच्या बोलिव्हियातल्या पोटोसीच्या चांदीचे स्पॅनिश रेआल (जुनी चांदीची नाणी) घ्या, तिथे मिता नावाची वेठबिगार होती. त्यांना कोणी नावं ठेवत नाही, मग हीच का टोचतात?

तिरकसराव:
टोचतात कारण अथेन्सच्या नावाने आज कोणी मोर्चे काढत नाही, स्वस्तिकाच्या नावाने काढतात. आणि तुमचंच नाणं घेऊ. १९३६ साली ते दोन तऱ्हांनी पाडलं, एक साध्या गरुडाचं, एक स्वस्तिकवालं. वजन तेच, चांदी तीच, म्हातारा तोच. आता विक्रेते कुठल्याची जाहिरात कशी करतात ते बघा, "थर्ड राइख (नाझी राजवट)!! दुर्मिळ!!" वगैरे, आणि दुर्मिळ कसलं डोंबलाचं, ढिगाने पाडलेलं आहे. चिन्हाचे पैसे मोजताय तुम्ही. जर्मनीत काही लिलाववाले कॅटलॉगच्या फोटोत स्वस्तिक झाकून छापतात ते उगाच नाही.

खणखणीत:
झाकतात, पण विकतात ना! तिथे नाझी चिन्हं दाखवायला बंदी असली तरी कायद्यातच संशोधन, शिक्षण वगैरेसाठी सूट आहे.

जुनीपेटी:
राइशमार्कचं एकवेळ ठीक, मला लॉड्झ घेट्टोची (पोलंडमध्ये नाझींनी ज्यूंना कोंडलेली वस्ती) नाणी खटकतात. १९४३ ची, ५, १० आणि २० मार्कची, हलक्या धातूची, हातात घेतली तर खेळण्यातली वाटावीत अशी. त्यांच्यावर चक्क "१० मार्कची पावती" असंच लिहिलंय. लोकांकडचा खरा पैसा काढून घेतला आणि बदल्यात हे दिलं, कुंपणाबाहेर त्याची किंमत शून्य. तिथल्या बहुतेकांना पुढे मारून टाकलं. असली वस्तू "सेट पूर्ण करायचाय" म्हणून घेणं मला जमत नाही. त्यात बाजारात नकली इतकी की तुमचे पैसे बहुधा एखाद्या भामट्याच्या खिशात जाणार, म्हणजे मेलेल्यांच्या टाळूवरचं लोणीच.

भिंगवाला:
असहमत. नकली कुठलं हे ओळखायला शिकवलं कोणी? वर्षानुवर्षं भिंग लावून बसलेल्या संग्राहकांनीच. काँगो फ्री स्टेटचं (बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याची आफ्रिकेतली खाजगी वसाहत) १८८७ चं तांब्याचं भोकवालं नाणं बघा, भोकाभोवती लिओपोल्डची मुकुटवाली अक्षरं आणि देशाचं नाव "स्वतंत्र राज्य". तिथेच रबरासाठी लोकांचे हात तोडले गेले. मी ते दाखवतो तेव्हा समोरचा विचारतोच की हे कुठलं राज्य, आणि मग अर्धा तास बोलणं होतं. हे सगळं वितळवून टाकलं तर फायदा लिओपोल्डचाच.

तिरकसराव:
वितळवा कोण म्हणालं? आणि अर्धा तास बोलणारे तुम्ही एक, बाकीचे "मस्त पीस" म्हणून पुढचं पान उलटतात. बरं, जिवंत राजवटींचं काय? उत्तर कोरिया संग्राहकांसाठी खास नाणी काढून परदेशात विकतो. तिथे "राजवटीला दमडी मिळत नाही" हा मुद्दा बाद ना?

खणखणीत:
बाद, मान्य. ती मी थेट घेत नाहीच. कोणी जुना संग्रह मोडत असेल तर त्यातलं एखादं घेईन.

तिरकसराव:
सेकंडहँड घेतलं तरी भाव तुम्हीच चढवणार, आणि तो भाव बघूनच टांकसाळवाले पुढचा सेट काढणार.