लिपिड राफ्ट : तराफा, सांगड की साय?

धागाकर्ती : एका लेखाचं भाषांतर करतेय आणि चार दिवस एकाच शब्दावर अडलेय. पेशीच्या पटलात, म्हणजे तिच्या पातळ आवरणात, कोलेस्टेरॉल आणि स्फिंगोलिपिडं (एक प्रकारचे मेद) दाटीने एकत्र येतात, त्या चिमुकल्या भागांना 'लिपिड राफ्ट' म्हणतात. काई सिमॉन्स आणि एलिना इकोनेन यांनी १९९७ साली 'नेचर'मध्ये ही कल्पना मांडली तेव्हापासून हे नाव रुळलं. मी 'मेदतराफा' लिहिलं. तपासणाऱ्यांनी खोडून 'चरबीचा गोळा' केलं. अख्खं पटलच जेमतेम ५ नॅनोमीटर जाडीचं, त्यात गोळा कुठून येणार? तराफा बरोबर आहे ना?

भीमाकाठ : गोळा चूकच. पण तराफा तरी आपल्याकडे कोण म्हणतं? वडिलांनी मला विहिरीत पोहायला शिकवलं ते दोन वाळके भोपळे सुंभाने बांधून, ते काखेखाली घेऊन. त्याला सांगड म्हणायचे. सुंभ काखेत काचायचं, आठवडाभर वळ राहायचे. 'सांगड घालणे' हा वाक्प्रचार त्यातलाच. वेगवेगळे रेणू एकमेकांना धरून तरंगतात, मग मेदसांगड का नको?

मागावरचा : आमच्या घरात तेलुगू. राफ्टला आम्ही तेप्प म्हणतो. पण शेजारच्या कानडी आज्जी 'नन्न संगड बा' म्हणायच्या, म्हणजे माझ्यासोबत ये. सांगड तिकडूनच आला असणार. सोलापुरात राहून हे दिसायला पाहिजे.

शुद्धमती : उलट आहे. संस्कृत संघाट, त्यावरून सांगड. मल्याळममध्ये चंगाडम्, तिथून पोर्तुगीजांनी जंगाडा केला. शास्त्रीय परिभाषेत मूळ रूपच हवं : मेदसंघाट.

मागावरचा : संघाट वाचून पोराला काय कळणार? सांगड तरी जिभेवर आहे. आणि कानडीतला रोजचा शब्द संस्कृतातूनच आला, हे कशावरून?

सेंट्रिफ्यूजवाली : शब्दाआधी वस्तू कोणती ते ठरवा, तिथेच खरी अडचण आहे. मी हे काम हाताने केलंय. पेशी बर्फावर ठेवून ४ अंशाला १ टक्का ट्रायटन एक्स-१०० या डिटर्जंटमध्ये विरघळवायच्या. ते मिश्रण ४० टक्के साखरेत तळाला, त्यावर ३० टक्क्यांचा थर, सगळ्यात वर ५ टक्क्यांचा. मग ती नळी सेंट्रिफ्यूजमध्ये रात्रभर जोरात फिरवायची. सकाळी ५ आणि ३० च्या सीमेवर दुधाळ पट्टा दिसतो. त्यात फ्लोटिलिन हे राफ्टची खूण मानलेलं प्रथिन सापडतं, ट्रान्सफेरिन रिसेप्टर हे पटलातलंच दुसरं प्रथिन खाली राहतं. सगळे या पट्ट्याला राफ्ट म्हणून मोकळे होतात.

पण तो पटलातला राफ्ट नव्हे. थंडीत डिटर्जंटला जे विरघळलं नाही ते उरलेलं. ट्रायटनऐवजी ब्रिज नावाचं दुसरं डिटर्जंट घ्या, त्याच पेशीतून प्रथिनांची वेगळी यादी निघते. मग दोन प्रकारच्या पेशींची तुलना करताना आपण पटलांची तुलना करतोय की डिटर्जंटच्या चाळणीतून उरलेल्याची? मराठीत या दोघांना दोन शब्द मिळाले तर इंग्रजीत झालेला गोंधळ आपल्याकडे होणारच नाही.

धागाकर्ती : हे फार मोलाचं सांगितलंत. माझ्याकडच्या लेखातही दोन्हीकडे एकच शब्द आहे, म्हणून वाक्यं बसत नव्हती. त्या नळीचा फोटो आईला दाखवला आणि वर तरंगलेल्या थराबद्दल समजावत होते. ती म्हणाली, "मग साय म्हणूनच सांगलालीस की मघापासून." तेव्हापासून वाटतंय : पटलातला तो तराफा किंवा सांगड, नळीतली ती साय.

शुद्धमती : साय स्वयंपाकघरातली. ग्रंथात शोभणार नाही. 'अविद्राव्य पटलांश' म्हणा.

सेंट्रिफ्यूजवाली : सायीतही मेद आणि प्रथिनं असतात, या पट्ट्यातही. हलकं म्हणून वर येतं, हेही जुळतं. फक्त साय दुधाच्या अगदी वर धरते, पट्टा दोन थरांच्या मध्ये थांबतो. तेवढं एका वाक्यात सांगता येईल. मला साय पटली.

पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी : वर्गात आम्ही सगळे राफ्टच म्हणतो. उच्चार सोपा आहे, परीक्षेतही तोच. लेखात तराफा वाचला तर आधी होडी डोळ्यांसमोर येईल.

भीमाकाठ : होडीच यायला हवी बाळ, ज्यांनी नाव दिलं त्यांच्याही डोळ्यांसमोर काहीतरी तरंगतच होतं.

शुद्धमती : सांगडीसाठी किमान दोन वस्तू लागतात, हे तरी मान्य करा. एकट्या भोपळ्याला सांगड म्हणणं चूक.

मंगळवेढेकर : आमच्या विहिरीवर एकच भोपळा होता, पाठीला बांधायचो. त्यालाही सगळं गाव सांगडच म्हणायचं. नंतर भोपळ्याच्या जागी तेलाचा पत्र्याचा डबा आला, तरी शब्द तोच राहिला.

भीमाकाठ : डब्याला सांगड? आमच्याकडे डब्याला डबाच म्हणायचे. मोहोळकडचं कुणी असेल तर सांगा, तिकडे काय म्हणतात?