मदत हवी आहे: डेंग्यू बरा झाला म्हणतात, मग ताप परत का?

तुर्भेकर | सोमवार, रात्री १०:५०
लोकहो, पटकन उत्तर द्या, पाल्हाळ लावायला वेळ नाही. मोठा भाऊ वाशीत ॲडमिट आहे. डेंग्यू होता. प्लेटलेट वाढल्या, आज डिस्चार्ज मिळणार होता, पण काल रात्रीपासून परत ताप, हुडहुडी भरून. डॉक्टर राउंडला येतात, फाइल चाळतात, "व्हायरलचाच भाग असेल, बघू" म्हणतात आणि जातात. मलेरिया निगेटिव्ह. बाकी सगळे रिपोर्ट नॉर्मल. मुंबईला हलवावं का? हो की नाही एवढंच सांगा.

वाशीची_वसुधा | रात्री ११:०२
पपईच्या पानांचा रस द्या. शिरा काढून टाकायच्या, पानं वाटून फडक्यातून पिळायची, दोन चमचे सकाळ-संध्याकाळ. सोबत किवी. शेळीचं दूध मिळालं तर सोन्याहून पिवळं. आमच्या सोसायटीत चार जणांच्या प्लेटलेट अशाच वाढल्या.

खाडीपलीकडे | रात्री ११:०५
वसुधाताई, प्लेटलेट वाढल्यात असं लिहिलंय त्यांनी. वाचा तरी.

रक्तगट_ओ | रात्री ११:०९
ओ पॉझिटिव्ह आहे, ऐरोलीत राहतो. एसडीपी (मशीनवर एकाच दात्याकडून काढलेल्या प्लेटलेट) द्यायला रात्री-बेरात्री येईन. फक्त ब्लड बँकेला विचारून ठेवा, मशीनवर दीड-दोन तास जातात.

तुर्भेकर | रात्री ११:१२
अहो प्लेटलेट नकोयत! प्रश्न तापाचा आहे.

घंटाळीचे_काका | रात्री ११:२०
वय? मधुमेह? मधे ताप किती दिवस अजिबात नव्हता? डेंग्यू कुठल्या टेस्टवरून ठरवला, एनएस१ (विषाणूचा अंश) की आयजीएम (अंगात तयार झालेली अँटिबॉडी)? अँटिबायोटिक चालू आहे का, कुठलं? आणि "सगळे रिपोर्ट नॉर्मल" हे मला चालत नाही, आकडे लिहा. पांढऱ्या पेशी ॲडमिट होताना किती, आज किती? एवढं न विचारता हलवा किंवा नका हलवू सांगणारा एकतर देव असतो नाहीतर दलाल.

तुर्भेकर | रात्री ११:२६
वय ४४. शुगर आहे, गोळी चालू आहे, पण तिचा इथे काय संबंध? बाकी वहिनीला विचारून सांगतो. पास एकालाच आहे, मी खाली पार्किंगमध्ये बसलोय.

उरणफाटा | रात्री ११:३१
विमा कॅशलेस असेल तर हलवण्याआधी टीपीएला (विम्याचे दावे बघणारी कंपनी) कळवा. एका हॉस्पिटलचं बिल क्लोज झाल्याशिवाय दुसरीकडची मंजुरी अडकते. डिस्चार्ज समरी, सगळे मूळ रिपोर्ट आणि फार्मसीची बिलं हातात घेतल्याशिवाय पाय बाहेर टाकू नका. रूम रेंटची मर्यादा तपासलीत का? तिथेच गोम असते.

सीवूड्स_४८ | रात्री ११:३४
हा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातून होणारा ताप) आहे. लिहून घ्या. तुर्भेकर म्हणजे एपीएमसी, आणि मार्केटमध्ये या पावसात गुडघाभर पाणी होतं की नाही? आमच्या शेजारच्यांनाही आधी डेंग्यूच म्हणाले होते, नंतर लघवी बंद झाली तेव्हा लेप्टो निघाला. डॉक्सी (अँटिबायोटिक) चालू करा आजच्या आज.

घंटाळीचे_काका | रात्री ११:४१
सीवूड्स, तुमची शंका वेडगळ नाही. पावसाळ्यात दोन्ही एकाच माणसाला होऊ शकतात. पण लेप्टोत डोळे लालभडक होतात, पोटऱ्या दाबल्या की माणूस ओरडतो, कावीळ डोकावते, क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) चढतं. पहिल्या आठवड्यात आयजीएम निगेटिव्ह येऊ शकतं, तेही लक्षात ठेवायचं. यातलं त्यांच्यात काय आहे ते आपल्याला अजून माहीत नाही. लिहून कसं घ्यायचं?

तुर्भेकर | रात्री ११:५५
वहिनीने फोटो पाठवले. एनएस१ पॉझिटिव्ह. प्लेटलेट सर्वात कमी २२ हजार, आज १ लाख ६० हजार. पांढऱ्या पेशी पहिल्या दिवशी २,८०० आणि आज १६,९००, त्यात न्यूट्रोफिल (जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ८८ टक्के. पुढे एच (हाय, म्हणजे जास्त) छापलाय, पण विचारलं तर म्हणाले इन्फेक्शनमध्ये होतं असं. क्रिएटिनिन १. बिलिरुबिन नॉर्मल. लिव्हरचे एसजीओटी १४०, एसजीपीटी ११०. मधे चार दिवस ताप नव्हता. सेफट्रायाक्झोन चालू होतं, परवा बंद केलं. सकाळी दुसरं भारी अँटिबायोटिक सुरू करणार आहेत. डोळे लाल नाहीत, पोटऱ्या दुखत नाहीत.

घंटाळीचे_काका | मंगळवार, रात्री १२:१०
याला तुम्ही नॉर्मल म्हणत होतात?

डेंग्यूत पांढऱ्या पेशी खाली जातात आणि बरं होताना हळूहळू जागेवर येतात. त्या सतरा हजारांवर उडी मारत नाहीत. डेंग्यूचा ताप एकदा उतरून परत एखाद-दोन दिवस चढतो हे खरं, बहुधा तुमचे डॉक्टर तेच धरून बसलेत. पण चार दिवस कोरडे गेल्यावर, हुडहुडी भरून, न्यूट्रोफिल ८८ असताना? हा दुसरा ताप आहे. नवीन. जिवाणूचा म्हणून शोधायचा. डेंग्यूनंतर क्वचित प्रतिकारशक्तीच बेफाम सुटते, फेरिटिन हजारोंत जातं, पण तिथे पेशी घसरतात, यांच्या वाढल्यात. ॲडमिट झाल्यावर ४८ तासांनंतर उपटलेला ताप असेल तर आधी हॉस्पिटलनेच काय दिलं ते बघायचं: सलाईन, लघवीची नळी, छाती. आणि शुगरचा संबंध असा की अशा जिवाणूंना मधुमेही माणूस लवकर सापडतो.

लॅबवाला | रात्री १२:१६
काका बरोबर बोलले. तुर्भेकर, ब्लड कल्चर (रक्त बाटलीत ठेवून जंतू उगवतात का बघायची टेस्ट) पाठवलंय का? हे आधी विचारा, मुंबई नंतर. सकाळी अँटिबायोटिक सुरू करणार असतील तर त्याच्या आधी रक्त गेलं पाहिजे, एकदा औषध गेलं की बाटलीत काही उगवायची खात्री नाही. दोन सेट, दोन वेगळ्या हातांतून, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली. सलाईनच्या सुईतून ओढून देऊ देऊ नका, कातडीवरचे जंतू येतात आणि मग सगळे भांडत बसतात. आमच्याकडे अर्धा चमचा रक्त घातलेल्या बाटल्या येतात आणि पाच दिवसांनी "नो ग्रोथ" गेलं की नातेवाईक पेढे वाटतात.

वाशीची_वसुधा | रात्री १२:२१
विडाल (टायफॉइडची रक्ताची टेस्ट) का नाही करत? माझ्या भाचीचं सगळं निगेटिव्ह होतं, विडालमध्ये टायफॉइड निघाला, १:१६०. दोन दिवसांत उठून बसली.

खाडीपलीकडे | रात्री १२:२४
आपल्याकडे निम्म्या ठाणे जिल्ह्याचं विडाल १:१६० निघेल. आधी कधी झालेला टायफॉइड, घेतलेली लस, काहीही पुरतं. एका विडालवर निदान करणारे डॉक्टर अजून आहेत म्हणून ही टेस्ट खपते.

वाशीची_वसुधा | रात्री १२:२६
म्हणजे माझी भाची खोटं आजारी होती?

खाडीपलीकडे | रात्री १२:२७
आजारी खरी होती. टायफॉइडच होता कशावरून?

लॅबवाला | रात्री १२:३०
टायफॉइडसाठीही पहिल्या आठवड्यात कल्चरच. भांडण मिटलं. झोपा.

पांढरी_चप्पल | रात्री १२:३८
मी वॉर्डात काम करते, उशिरा वाचलं. दादा, एक करा. दोन्ही हातांवरच्या जुन्या सलाईनच्या जागा बघायला सांगा वहिनींना. आत्ताची नाही, काढून टाकलेल्या. पट्टी असेल तर पट्टी उघडून. लाल आहे का, गरम लागते का, आणि बोट फिरवलं की कातडीखाली शीर सुतळीसारखी टणक लागते का. प्लेटलेट कमी असतात तेव्हा आम्ही सुई लवकर बदलायला कचरतो, टोचलं की रक्त थांबत नाही. तीच सुई मग ताणली जाते.

तुर्भेकर | रात्री १२:५२
हो, डावा हात सुजलाय. पण ते सलाईन बाहेर गेलं होतं म्हणून. आम्ही थ्रॉम्बोफोब मलम लावतोय, मॅगसल्फची पट्टी पण बांधली होती. हे कोणी विचारलंच नाही म्हणून लिहिलं नाही. वहिनी म्हणते कोपराच्या खाली लाल पट्टा आहे आणि दाबलं की टोकाशी पिवळं येतं.

पांढरी_चप्पल | रात्री १२:५४
पू येतोय, दादा. आत्ता रात्रीच्या आरएमओला (ड्यूटीवरचे निवासी डॉक्टर) बोलवा. सकाळच्या राउंडची वाट नको. हात उघडा करून दाखवा, फाइल नको.

सीवूड्स_४८ | रात्री १२:५९
सलाईनचा हात कुणाचा सुजत नाही? माझाही सुजला होता. एवढ्यावरून लेप्टो सोडून देणार?

घंटाळीचे_काका | रात्री १:०४
सुजतात खूप. सुजलेल्या हातासोबत हुडहुडी आणि सतरा हजार पेशी असल्या की ती नुसती सूज राहत नाही. लेप्टोची टेस्ट पाठवायला माझी हरकत नाही, पण रांगेत ती मागे.

तुर्भेकर, बीपी खाली जाणं, लघवी कमी होणं, श्वास वाढणं, बोलण्यात असंबद्धपणा यातलं काही दिसलं तर कल्चरबिल्चर बाजूला, थेट आयसीयू. हलवायचंच असेल तर बीपी स्थिर असताना आणि डॉक्टर-टू-डॉक्टर बोलणं झाल्यावर.

उरणफाटा | रात्री १:१०
केस पेपरच्या झेरॉक्स मागा. लेखी अर्ज दिला की ७२ तासांत द्याव्या लागतात, मेडिकल कौन्सिलचा २००२ चा नियम आहे. नाही म्हणाले तर नियम दाखवा. वाशीत रात्री झेरॉक्स फक्त स्टेशनबाहेर मिळेल आणि तिथे गाडी लावलीत तर टोइंगवाला उचलणार.

खाडीपलीकडे | रात्री १:१३
टोइंगवरून आठवलं, विसर्जनाच्या दिवशी पामबीच बंद असतो का? बेलापूरला जायचंय.

तुर्भेकर | रात्री २:२०
आरएमओ आले. पट्टी सोडून बघितलं, दाबलं, तोंडातून शब्द नाही. दोन्ही हातांतून चार बाटल्या भरल्या, मग अँटिबायोटिक चढवलं. पुवाचा स्वॅब वेगळा घेतला. मुंबईचं उद्या बघू म्हणाले.

तुर्भेकर | मंगळवार, संध्याकाळी ६:४०
लॅबमधून फोन आलाय म्हणे. "ग्रॅम पॉझिटिव्ह कॉकाय इन क्लस्टर्स." म्हणजे काय? इथे कोणी धड सांगत नाही. लवकर सांगा.

लॅबवाला | संध्याकाळी ६:४८
गोल जंतू, घोसात. स्टॅफिलोकोकस कुटुंबातला कुणीतरी. नाव उद्या कळेल. त्यात एक निरुपद्रवी भाऊबंद कातडीवर राहतो आणि एक खरा दरोडेखोर आहे. चारपैकी किती बाटल्या वाजल्या (म्हणजे किती बाटल्यांत जंतू उगवले)?

तुर्भेकर | संध्याकाळी ६:५५
तीन. दोन्ही हातांच्या.

लॅबवाला | संध्याकाळी ६:५७
मग कातडीवरचा असण्याची शक्यता कमी. एका बाटलीत आलं असतं तर मीच शंका घेतली असती. एवढ्या लवकर वाजल्या म्हणजे रक्तात भरपूर आहे.

वाशीची_वसुधा | संध्याकाळी ७:१५
रक्तात जंतू म्हणजे रक्त बदलावं लागतं का?

पांढरी_चप्पल | संध्याकाळी ७:१८
नाही ताई.

तुर्भेकर | बुधवार, दुपारी १:३०
स्टॅफिलोकोकस ऑरियस. स्वॅबमध्येही तोच. एमआरएसए (नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद न देणारा प्रकार) नाही म्हणाले. औषध बदलून सेफाझोलिन केलं. ताप आज १०० वर. संसर्गजन्य रोगांचे स्पेशालिस्ट बाहेरून येऊन बघून गेले, त्यांनी इको (हृदयाची सोनोग्राफी) सांगितलाय. आता हृदयाचं काय मधेच? हॉस्पिटल बिल वाढवतंय का?

घंटाळीचे_काका | दुपारी १:४५
या वेळी नाही. हा जंतू रक्तात सापडला की झडपांवर घर केलंय का हे बघावंच लागतं. शिवाय हाताच्या शिरेत गुठळी अडकली आहे का ते डॉपलरवर (शिरांची सोनोग्राफी) दिसतं. आणि दोन दिवसांनी परत कल्चर, तो गेला की नाही हे तापावरून नाही, बाटलीवरून ठरतं. दुसरं काही दुखतंय का त्याला? पाठ, कंबर, सांधा?

तुर्भेकर | दुपारी २:०५
कंबर दुखते म्हणतो, पण ते पडून पडून. त्या गादीवर माझीही दुखेल.

घंटाळीचे_काका | दुपारी २:०८
हे आत्ता जाऊन स्पेशालिस्टना सांगा. हा जंतू मणक्यात जाऊन बसतो. रात्री झोपेतून उठवण्याइतकं दुखतं का, मणक्यावर ठोकल्यावर एकाच जागी कळ येते का, पायात जोर आहे का हे त्यांना तपासू दे. गादीला नंतर शिव्या घाला.

सीवूड्स_४८ | दुपारी २:३०
लेप्टोचा रिपोर्ट काय आला?

तुर्भेकर | दुपारी २:३३
निगेटिव्ह.

सीवूड्स_४८ | दुपारी २:३४
आठवड्याने परत करा.

तुर्भेकर | शुक्रवार, रात्री ९:१५
इको नॉर्मल. डॉपलरमध्ये शिरेत छोटी गुठळी आहे. एमआरआय उद्या सकाळी. कालचं कल्चर अजून कोरं आहे. मुंबईचा विषय सोडला, इथलेच स्पेशालिस्ट रोज येतायत. पहिल्या डॉक्टरांनी आज स्वतः पट्टी उघडून बघितली, बोलले काही नाही, आम्हीही नाही.

आता नवीन प्रश्न. किमान १४ दिवस शिरेतून इंजेक्शन म्हणतायत. दिवसातून तीनदा. कोपरखैरण्यात घरी येऊन देणारं कुणी आहे का? मंगळवारपासून धरले तर चार झाले, म्हणजे दहाच उरले ना?

पांढरी_चप्पल | रात्री ९:२८
नाही दादा, मंगळवारपासून नाही. पहिलं कल्चर निगेटिव्ह येतं तिथून मोजतात. आणि एमआरआयमध्ये मणका निघाला किंवा ती गुठळी त्यांना खटकली तर १४ चे सहा आठवडे होतील. उद्याचा रिपोर्ट येऊ द्या, मग घरी येणाऱ्या सिस्टरचं बघू. नळी कुठली घालणार ते तोवर विचारून ठेवा, साध्या सुईवर एवढे दिवस काढू नका.