पार्किंगमधला बॉल आणि गंगावेशीचा फेस

सेक्रेटरी (रात्री ९:१२)
सर्व सभासदांना कळविण्यात येते की आज संध्याकाळी पार्किंगमध्ये मुलांच्या फुटबॉलने सी-३०१ यांच्या गाडीचा डावा आरसा फुटला आहे. पार्किंगमध्ये खेळण्यास मनाई आहे, तसा बोर्ड लावलेला आहे. पालकांनी नोंद घ्यावी.

सी-३०१
आरसा दिवाळीतच बदललेला. एवढंच सांगतो.

आबा, ए-२०१
बोर्ड वाचलाय. पोरांनी खेळायचं कुठं, ते बोर्डावर लिहायचं राहिलंय. आमच्या वेळी कोल्हापुरात शिवाजी पेठेत गांधी मैदान होतं. शाळेचं दप्तर गोलपोस्ट, दुसऱ्या बाजूला कुणाची तरी चप्पल. आणि आरसा असलेली गाडी म्हणजे सबंध गल्लीत एक, ती पण डॉक्टरांची.

तात्या, सी-१०३
शिवाजी पेठेला गोलपोस्ट लागतंय कशाला, बॉल तिथवर पोचला तर ना 😄

आबा, ए-२०१
आलं बघा मंगळवार पेठ, फुटबॉलमधलं आमचं जुनं वैर. मी वाटच बघत होतो.

सेक्रेटरी
कृपया विषयाला धरून बोलावे.

बी-४०४ (वहिनी)
आम्ही नाशिकचे, म्हणून विचारते. इथे सगळ्या टीम तालमीच्या नावाने कशा? पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. तालीम म्हणजे कुस्ती ना?

आबा, ए-२०१
कुस्तीच हो वहिनी. पेठेतली पोरं पहाटे तालमीत जोर-बैठका मारायची आणि संध्याकाळी तीच पोरं बॉल घेऊन मैदानावर. मंडळ एकच. गणपती तेच बसवणार, फुटबॉलची टीम तेच काढणार, कुणाच्या घरी मयत झालं तर तिरडी बांधायला पण तेच. टीमला वेगळं नाव द्यायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. वरनं खेळाला छत्रपती घराण्याचा आश्रय. म्हणून बाकी महाराष्ट्र क्रिकेटवर गेला तरी कोल्हापूर दोन्हीवर राहिलं.

तात्या, सी-१०३
आमचा बॉल कसला होता ते सांगा पोरांना. चामड्याचा, आत ब्लॅडर, वरनं बुटासारखी नाडी. पावसात भिजला की दगड. हेडर मारला आणि नाडीची बाजू लागली तर कपाळावर वळ उठायचा. घरी गेल्यावर आई वळ बघूनच ओळखायची, अभ्यासिकेत नव्हतो म्हणून.

ओंकार, बी-२०२
तात्या, बुटांचे स्टड्स?

तात्या, सी-१०३
चांभाराकडं जाऊन चामड्याच्या चकत्या खिळ्यांनी ठोकून घ्यायच्या. हाफटाइमला खिळा वर यायचा, मग दगडानं परत आत. माझ्या डाव्या टाचेवर खूण आहे अजून. फोटो टाकू?

माई, ए-१०४
नको.

माई, ए-१०४
मी पण मंगळवार पेठेतली. आम्हा मुलींना मॅचला कोण नेतंय! पण स्टेडियमचा आवाज घरात यायचा. गोल झाला की आधी एक मोठा हुंकार, मग दोन क्षण काहीच नाही, आणि मग कुठल्या बाजूला फटाके वाजतात त्यावर आई सांगायची, "आपला न्हवं." भाकरी थापता थापता. तव्याकडची नजर न काढता. तिनं आयुष्यात एक मॅच बघितली नाही, पण स्कोअर कधी चुकला नाही.

बी-४०४ (वहिनी)
हे फार आवडलं 🙏

आबा, ए-२०१
आता एक गंमत सांगतो. शाहू स्टेडियम आहे तिथं पूर्वी रावणेश्वर तलाव होता. गांधी मैदान म्हणजे वरुणतीर्थ. कपिलतीर्थ मार्केटात भाजी घेता ना, ते पण तळंच. एवढ्या तळ्यांचं गाव हे. तळी बुजवली आणि वर पोरं खेळायला लागली. गांधी मैदानाला अजून आठवतंय ते. मोठा पाऊस झाला की परत तळं होऊन बसतंय.

तात्या, सी-१०३
आता कळलं शिवाजी पेठेचा डिफेन्स पाण्यात का असतो.

आबा, ए-२०१
_हा मेसेज डिलीट केला आहे_

सेक्रेटरी
आबा, मी वाचला. लहान मुलं आहेत ग्रुपवर.

ओंकार, बी-२०२
काल-परवाचं पण सांगा की. २०१७ ला अंडर-१७ वर्ल्ड कप भारतात झाला, त्या भारताच्या टीममध्ये आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पहिली मॅच दिल्लीत अमेरिकेबरोबर, ०-३ हरलो, पण आम्ही शाळेत कितीतरी दिवस दुसरं काही बोलत नव्हतो.

आबा, ए-२०१
बरोबर. पण ओंकार, तुम्हाला मॅच संपली की मोबाइल. आमची मॅच शेवटची शिट्टी वाजली की सुरू व्हायची. स्टेडियमवरनं निघायचं, खासबाग, बिनखांबी गणेश मंदिर, महाद्वार रोड, पापाची तिकटी करत गंगावेशीत. चालतच. वाटेत प्रत्येक चौकात थांबून तो एकच ऑफसाइड पुन्हा खेळायचा, रस्त्यावर चपला मांडून. ही चप्पल बॅक, ही फॉरवर्ड. गंगावेशीला पोचेपर्यंत ऑफसाइड होता की नव्हता यावर दोन भावांचं बोलणं बंद झालेलं असायचं.

बी-४०४ (वहिनी)
गंगावेशीत काय?

तात्या, सी-१०३
दूध कट्टा! वहिनी, बाहेरच्या देशात मॅचनंतर माणसं म्हणे बारमध्ये जातात. आम्ही म्हशीकडं.

माई, ए-१०४
मी पहाटे वडिलांबरोबर जायचे. म्हशी रस्त्याच्या कडेलाच उभ्या. गवळी उकिडवा बसून डायरेक्ट ग्लासात धार काढणार. आधी काचेवर चुर्र आवाज, मग ग्लास भरत आला की आवाज जाड होत जातो आणि फेस वर येतो. दूध कोमट असतं, म्हशीच्या अंगाइतकं. वडील आधी माझ्या ओठाला लावायचे, मग स्वतः.

तात्या, सी-१०३
आणि फेसावरनं भांडण! "निम्मा फेस घातलास की रं, खाली दूध कुठाय?" गवळी शांत. फेस बसू द्यायचा, परत एक धार मारायचा. ती वरची धार फुकट. ती मिळेपर्यंत हलायचं नाही असा नियम होता. मॅच हरलेल्या दिवशी गवळी न मागता मारायचा.

आबा, ए-२०१
मारायचा, पण विचारून. "कुठली पेठ?" म्हणून. त्याची पण टीम होती.

आबा, ए-२०१
खरं सांगू, कट्ट्यावर दोन्ही पेठांची माणसं एकाच फळीवर बसायची. स्टेडियमवर शेजारी बसली असती तर पोलीस बोलवायला लागले असते. तिथं मात्र मिशीला फेस लागलेल्या माणसाबरोबर भांडण रंगतच नव्हतं. दोन्ही बाजूंना हसू यायचं.

बी-४०४ (वहिनी)
आता आहे का कट्टा?

माई, ए-१०४
आहे की. माझा मुलगा पुण्याहून आला की आधी तिथं, मग घरी. पोट बिघडतं म्हणून सून रागावते, तो ऐकत नाही.

ओंकार, बी-२०२
उद्या ४ ला मॅच आहे शाहू स्टेडियमवर. मी तिकीट काढायला लवकर जाणार आहे. कोण येतंय?

तात्या, सी-१०३
मी. आमची पाटाकडील नसली तरी येतोय.

बी-४०४ (वहिनी)
आमच्याकडून तिघे. मी पण. स्टेडियममध्ये बायका जातात ना आता?

माई, ए-१०४
जातात. आणि उद्या मी पण जाणार. बासष्टाव्या वर्षी पहिली मॅच. आईला सांगायला पाहिजे होतं.

सेक्रेटरी
सर्व ठीक. परंतु आरशाचा प्रश्न अनुत्तरित आहे. बॉल कोणी मारला, हे संबंधित पालकांनी कळवावे.

आबा, ए-२०१
माझ्या नातवानं. डाव्या पायानं, चालत्या बॉलवर, दोन खांबांच्या मधनं. मी गॅलरीतनं बघत होतो. बिल पाठवा, देतो.

सी-३०१
आबा, डाव्या पायानं? दोन्ही खांबांच्या मधनं?

आबा, ए-२०१
व्हय.

सी-३०१
आमचं मूळ घर रविवार पेठेत. दिलबहार. बिलाचं नंतर बघू. उद्या गाडी माझी काढतो, माई आणि आबा पुढच्या फेरीत. उजवा आरसा शाबूत आहे.

सेक्रेटरी
मग पार्किंगमधली गाडी उद्या दुपारनंतर बाहेर असेल तर मुलांना तेवढा वेळ खेळायला हरकत नाही. बोर्ड मात्र तसाच राहील.