संप, कामबंद, लेखणीबंद, सामूहिक रजा: नक्की फरक काय?

बेलापूरची वर्षा
नमस्कार मंडळी, ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये मला वेगवेगळ्या देशांतलं सरकार आणि त्यांचे कर्मचारी यांच्या संबंधांवर मराठीत बोलायचंय. पहिल्याच पानावर अडकलेय. संप, कामबंद, लेखणीबंद, सामूहिक रजा, काळ्या फिती, नियमानुसार काम... हे सगळं संपच ना? मग एवढे शब्द कशाला?

खोपटकर
संप म्हणजे गाडी डेपोच्या बाहेर पडत नाही. बाकी सगळं नाटक.

जुना लिपिक
खोपटकर, एसटीवाल्याला तसं वाटणारच, तुमच्याकडे युनियन संपाची रीतसर नोटीस देते. आमच्याकडे नियमातच संपाला बंदी. केंद्राच्या १९६४च्या वर्तणूक नियमांतला ७ वा नियम बघा, कुठल्याही प्रकारचा संप करायचा नाही आणि त्याला चिथावणीही द्यायची नाही. राज्याचे १९७९चे नियम आहेत ते पण त्याच वळणाचे. मग माणूस काय करणार, संप हा शब्द टाळणार. कार्यालयात यायचं, मस्टरवर सही करायची, खुर्चीत बसायचं आणि फाइलला हात लावायचा नाही, झालं लेखणीबंद. सामूहिक रजा तर त्याहून भारी. एका कार्यालयात मी स्वतः रजेच्या अर्जांचा गठ्ठा बघितलाय, सगळ्यांना एकाच तारखेला 'घरगुती कारणास्तव' एक दिवसाची किरकोळ रजा हवी, मजकूर एकाच कार्बनवर काढलेला, फक्त खालची सही वेगळी. साहेबांनी वरच्या अर्जावर 'नामंजूर' लिहिलं आणि बाकीच्यांवर नुसता 'वरीलप्रमाणे'!

ऐरोलीकर
पण वर्षाताई, नाव बदलून आता सुटका नाही हं. नवीन औद्योगिक संबंध संहिता, २०२०ची, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीय, तिच्यात संपाच्या व्याख्येतच लिहिलंय की एखाद्या उद्योगातल्या ५० टक्के किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संप. म्हणजे शब्दकोशाचं काम कायद्याने करून टाकलं. फक्त ही व्याख्या 'कामगारां'साठी, मंत्रालयातल्या कारकुनाला वर्तणूक नियमच लागतात, तिथे मात्र केंद्राची परिपत्रकं आधीपासूनच सामूहिक रजा, गो-स्लो, बैठा संप सगळं एकाच पोत्यात भरतात.

तलावपाळी
मला यात एक गंमत दिसते. जिथे बंदी तिथे शब्द जास्त! जपानमध्ये १९४८ पासून सरकारी नोकरांना संप बंद, युद्धानंतर तिथला ताबा सांभाळणाऱ्या अमेरिकी सेनापती मॅकार्थरच्या पत्रानंतर. मग तिथल्या सरकारी रेल्वेच्या युनियननी काय केलं तर 'कायदा पाळून लढा', म्हणजेच आपलं नियमानुसार काम, सुरक्षेचा प्रत्येक नियम इतका काटेकोर पाळायचा की गाड्याच रखडल्या पाहिजेत. मार्च १९७३ मध्ये आगेओ स्टेशनवर वैतागलेल्या प्रवाशांनी दंगल केली त्यावरून. आपल्याकडे कळव्याला लोकल अर्धा तास थांबली की काय वातावरण असतं ते आठवा म्हणजे कळेल. आणि १९७५ मध्ये त्या युनियननी आठ दिवस संप केला तो कशासाठी, तर संपाच्या हक्कासाठी. मिळाला नाही.

जर्मनीतही तेच वर्ष, १९७३. विमानांना वाट दाखवणारे कंट्रोलर तेव्हा तिकडचे पक्के सरकारी अधिकारी, संप करता येत नाही, म्हणून कित्येक महिने कधी आजारी तर कधी संथ काम. अमेरिकेत पोलिसांच्या असल्या आजारपणाला 'ब्लू फ्लू' म्हणतात, वर्दीच्या निळ्या रंगावरून.

खोपटकर
हा हा, ब्लू फ्लू! आमच्याकडे खाकी ताप म्हणायचा का मग?

बेलापूरची वर्षा
भारीच. पण जर्मनीत तर शिक्षकांचे संप होतात असं वाचलंय.

तलावपाळी
होतात आणि नाही पण होत. एकाच शाळेत दोन शिक्षक शेजारी शिकवत असतात, एक 'बेआम्टे' म्हणजे कायमचा सरकारी सेवक, दुसरा करारावरचा कर्मचारी. करारवाला संपावर जाऊ शकतो, बेआम्टेने जायचं नाही. २०१८ला त्यांच्या घटना न्यायालयाने ही बंदी उचलून धरली, २०२३ला युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानेही. म्हणून तुमच्या भाषणात 'सरकारी नोकर' हा एकच शब्द सगळीकडे चिकटवू नका, सेवक आणि कर्मचारी वेगळे ठेवा, नाहीतर ऐकणारा गोंधळणार.

ऐरोलीकर
फ्रान्स पण घ्या. तिथे संपाचा हक्क घटनेच्याच प्रस्तावनेतून येतो, १९४६च्या. सार्वजनिक सेवेत पाच दिवस आधी नोटीस आणि त्या दिवसांत दोघांनी बोलणी करायची. हक्क आहे म्हणून फुकट नाही पण, केंद्र सरकारच्या नोकराने एक तास जरी संप केला तरी पगाराचा तिसावा भाग, म्हणजे अख्खा दिवस कापला जातो. न्यूयॉर्क राज्यात उलट, १९६७च्या टेलर कायद्याने बंदी, आणि केलाच तर संपाच्या एका दिवसाला दोन दिवसांचा पगार जातो. आपलं 'काम नाही तर दाम नाही' त्यापुढे मवाळच.

जुना लिपिक
मवाळ? २००३ला तामिळनाडूत सुमारे १ लाख ७० हजार कर्मचाऱ्यांना एका फटक्यात काढलं होतं साहेब. त्याच प्रकरणात सुप्रीम कोर्ट म्हणालं की सरकारी नोकराला संपाचा मूलभूत, कायदेशीर, नैतिक, कुठलाच हक्क नाही. अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी १९८१ला संपावर गेलेले ११ हजारांवर विमान कंट्रोलर बडतर्फ केले ते जगभर गाजलं, आपलं कोण सांगतंय. आणि तरी संप थांबतात का? कर्मचारी नेते र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली राज्य कर्मचाऱ्यांचा १९७७-७८चा ५४ दिवसांचा संप महाराष्ट्रातच झाला, जुन्या पेन्शनसाठी मार्च २०२३चा पण, आणि त्याला सगळ्यांनी सरळ संपच म्हटलं, लेखणीबंद वगैरे नाही. माणसं पुरेशी असली की पांघरुणाची गरज लागत नाही.

बेलापूरची वर्षा
आणि युनियन आणि मालक मिळून पगार-अटी ठरवतात त्या 'कलेक्टिव्ह बार्गेनिंग'ला काय म्हणू? 'सामूहिक सौदेबाजी' वाचलं की एपीएमसी मार्केट डोळ्यासमोर येतं.

ऐरोलीकर
वाटाघाटी म्हणा. फक्त केंद्राच्या जेसीएमला, म्हणजे सरकार आणि कर्मचाऱ्यांच्या संयुक्त सल्लागार यंत्रणेला, १९६६ पासूनची ती, वाटाघाटी म्हणताना जपून, नावातच 'सल्लागार' आहे. मतभेद झाला तर लवाद आहे, पण पगार-भत्ते, आठवड्याचे कामाचे तास आणि रजा एवढ्यापुरताच, आणि निवाडा संसद बदलू शकते. कॅनडात १९६७च्या कायद्याने युनियनने आधीच सांगायचं असायचं, अडलं तर लवाद की संप, त्याला खरी वाटाघाट म्हणता येईल.

तलावपाळी
अवांतर: गुजरातीत संप म्हणजे एकोपा, आमचे शेजारी पोरांना 'संपीने रहो' म्हणतात. आणि 'हरताळ फासणे'मधला हरताळ म्हणजे पिवळा खनिज रंग, पोथीतला चुकलेला मजकूर पुसायला लावायचे, दुकानं बंद ठेवायच्या हरताळाशी त्याची गल्लत करू नका.

बेलापूरची वर्षा
थँक्यू सगळ्यांना. लेखणीबंद आणि नियमानुसार काम वेगळ्या स्लाइडवर टाकते, काळ्या फिती गाळते.

जुना लिपिक
काळ्या फिती गाळू नका हो, त्यात काम पूर्ण होतं आणि पगारही पूर्ण मिळतो, तो संप नाहीच. सीमारेषा दाखवायला तेवढंच एक उदाहरण आहे.